चवड्याचा जोर

शेजाऱ्यांच्या विहिरीवरच्या सायकलला मागचं टायर नव्हतं. ती जागेवर ठोकलेली, साखळी पंपाला जोडलेली. पॅडल मारत बसायचं आणि वाफ्यांना पाणी द्यायचं. मारायचं कुणी, तर त्यांच्या धाकट्या सुनेनं. आमचं शेत बांधाला लागूनच, त्यामुळे सगळं माझ्या डोळ्यांदेखत चालायचं.

त्या आठवड्यात धाकटीची आई माहेरी शेवटच्या घटका मोजत होती. सासू म्हणाली, "वांग्याचे वाफे भरून झाले की जा. मी काय अडवतेय?"

वाफे चोवीस. बिचारी गुडघे चोळत, दर थोड्या वेळानं उतरत, दिवसाला चार भरायची.

पहिल्याच दिवशी साखळी घट्ट करायला आलेला सायकलवाला तिचे हाल बघून थांबला. "वहिनी, पावलाच्या मधोमध पॅडल कशाला घेता? सगळा भार गुडघ्यावर येतोय. चवडा ठेवा, बोटांच्या मागचा भाग. पोटरीला करू द्या की काम!"

त्यानं सीटही दोन बोटं वर केली. धाकटीनं चवडा ठेवला आणि पाणी असं धो धो आलं की मी खुरपं टाकून बघत राहिले. सहा दिवसांचं काम तिसऱ्या दिवशी दुपारीच संपलं.

ती पिशवी घेऊनच आली. "सासूबाई, झाले सगळे. निघू?"

सासूनं आधी वाफे पाहिले, मग तिला. "तीन दिवसांत? म्हणजे दोन वर्षं अंग चोरत होतीस तर!"

"नाही हो, पाय ठेवायची पद्धतच चुकत होती. चवडा ठेवायचा असतो."

"पद्धत मला नको शिकवूस. मिरचीलाही पाणी दे, मग जा."

मिरचीचे वाफे सोळा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण प्यायचं पाणी आम्ही त्यांच्याच विहिरीवरून नेतो, म्हणून मी मूग गिळून बसले. लाज वाटते सांगायला.

चौदा वाफे भरले होते, तेव्हा तिचा भाऊ बांधावरून येताना दिसला. त्याचा चेहरा बघूनच ती सायकलवरून उतरली आणि तिथंच चिखलात बसली.

"गेली का? सुटली बिचारी," सासू म्हणाली. मग वाफ्यांकडे बघत म्हणाली, "आता धावपळ करून काय उपयोग? दोनच तर उरलेत."

भावानं बहिणीला उठवून सावलीत बसवलं आणि स्वतः सायकलवर चढला. डोळ्यांतून धारा लागलेल्या, पाय कुठं पडतोय याचं भान नाही.

"अरे, मधोमध काय दाबतोयस?" सासू बांधावरून ओरडली. "चवडा ठेव, चवडा! लवकर मोकळा होशील."