तळाच्या फटीतली चिठ्ठी

मी पेटी बोलतेय. महाविद्यालयाच्या साहित्य मंडळाची, अकरा नंबरच्या खोलीतली. लाकडी अंग, वर कागद जाईल एवढी फट, पुढे छोटं दार आणि त्याला कुलूप. रस्त्यात दिसले तर तुम्ही दुसऱ्यांदा वळून बघणार नाही. पण सात वर्षं या मंडळाची सगळी गुपितं मी पोटात ठेवली. त्यातलं एक अजून बाहेर आलेलं नाही, म्हणून आज तोंड उघडतेय.

मला महाविद्यालयाच्याच सुतारानं मोडक्या टेबलाच्या फळ्यांतून बनवलं. तळाची फळी एका बाजूनं जरा तोकडी पडली. शिपाईमामांनी फट दाखवली तर म्हणाला, "कागदच टाकायचेत ना मामा? धान्य थोडंच भरायचंय! चालून जाईल." मग खालून पातळ प्लायवूड ठोकून त्यानं फट झाकली आणि हात झटकले. मलाही तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

मंडळ दर शुक्रवारी शेवटच्या तासानंतर भरायचं. ज्यानं त्यानं आपलं लिहिलेलं पान माझ्यात टाकायचं. मंडळ चालवणाऱ्या मॅडम कुलूप उघडून एकेक पान मोठ्यानं वाचायच्या, मग सगळे त्यावर बोलायचे. पानावर नाव घालायचं नाही. कुणाचं आहे ते विचारायचं नाही. आणि खरं आहे का, हे तर मुळीच विचारायचं नाही. हा नियम मॅडमनीच घातला होता, आणि त्याला कारण होतं. पहिल्याच वर्षी एका मुलानं बापाच्या दारूवर कविता लिहिली. कुणीतरी नाव फोडलं, कँटीनमध्ये त्याची इतकी टर उडवली की पोरगा महाविद्यालयच सोडून गेला. मॅडमच्या ते फार जिव्हारी लागलं. तेव्हापासून नियम मोठ्या अक्षरांत भिंतीवर लागला. मला त्याचा कोण अभिमान! पोरं मनातलं लिहितात ती माझ्या भरवशावर, असं मी समजत होते.

नाव घातलेला कागद वर्षातून एकदाच माझ्यात पडे. मंडळात येताना प्रत्येकानं एक चिठ्ठी लिहायची. नाव, वर्ग, तारीख आणि 'मला मंडळात का यायचं आहे?' बहुतेक जण 'वाचनाची आवड आहे' असं लिहून मोकळे होत.

गेल्या वर्षी पंधरा जण आले. चौदांनी पटापट चिठ्ठ्या टाकल्या. पंधरावी मुलगी शेवटच्या बाकावर पेन चावत बसून राहिली. खोली रिकामी झाल्यावर ती उठली, कागद माझ्याच पाठीवर ठेवला आणि इतकं दाबून लिहिलं की अक्षर न् अक्षर माझ्या लाकडाला जाणवलं. 'मी ताईकडे राहते. भाऊजी तिला मारतात. घरी ब्र काढता येत नाही. इथे तरी कुणी विचारेल म्हणून यायचं आहे.' खाली नाव, वर्ग, तारीख. बारीक घडी घालून तिनं ती आत टाकली.

ती चिठ्ठी कडेला पडली, तिथून घसरली आणि फळी अन् प्लायवूडच्या मधे जाऊन बसली.

मॅडमनी दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या मोजल्या. "चौदाच? राहिली असेल कुणाची तरी," म्हणाल्या. मला ओरडावंसं वाटलं. पण पेटीला कुठलं तोंड! आहे ती फट, तीही फक्त आत घेण्यापुरती.

मुलीला वाटलं, चिठ्ठी वाचली असणार. तिनं दोन शुक्रवार वाट पाहिली. कुणी काहीच विचारलं नाही, तेव्हा ती गोष्टी लिहू लागली. गोष्टीत एक बाई होती. नवरा चिडला की ती आधी मोरीतला नळ मोठा सोडायची, पलीकडच्या खोलीत अभ्यास करणाऱ्या बहिणीला ऐकू जाऊ नये म्हणून. ऐन उन्हाळ्यात लांब बाह्यांचं घालायची.

मॅडमनी वाचलं. लगेच तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा घसा खाकरून उठला. त्याला सगळे समीक्षक म्हणत, आणि ते त्याला आवडायचं.

"नळ छान आहे, पण तीनदा आलाय. एकदाच ठेवा. आणि नवरा फारच काळाकुट्ट झालाय. त्याला एखादी चांगली बाजू हवी, नाहीतर पटत नाही."

"बरोबर," मॅडम म्हणाल्या आणि समासात लाल शाईनं लिहिलं, 'नळ एकदाच. नवऱ्याला माणूस करा.' मग पानं परत माझ्यात ठेवली. ज्याचं पान त्यानं एकटं येऊन न्यायचं, अशी पद्धत होती.

पुढच्या शुक्रवारी नळ एकदाच आला. नवरा रात्रभर बायकोच्या कपाळावर गार पाण्याच्या घड्या ठेवत बसला. समीक्षकानं मान डोलावली. "आता खरं वाटतं!" शेवटच्या बाकावरची मुलगी वहीच्या कोपऱ्याचं भेंडोळं करत बसली होती. मी तिला पाहत होते. माझं काळीज तुटत होतं, लाकडाचं असलं तरी.

"फक्त शेवट नाही," मॅडम म्हणाल्या. "गोष्ट कुठेतरी पोचायला हवी."

त्यानंतर ती दोन शुक्रवार आली नाही. तिसऱ्या शुक्रवारी आली, कुणाकडे न बघता एक पान माझ्यात टाकलं आणि जागेवर जाऊन बसली. त्यावर चार ओळी होत्या. 'त्या दिवशी दुपारी घरी आले तेव्हा नळ चालूच होता. बादली भरून वाहत होती. मी नळ बंद केला. मग तिला हाक मारली.'

मॅडमनी वाचून पान खाली ठेवलं. टाळ्या पडल्या. समीक्षक तर उभा राहिला. "काय संयम आहे! मरण दाखवलंच नाही!"

मुलगी उठून बाहेर गेली. दाराशी शिपाईमामा किल्ल्या घेऊन उभे होते. ते मंडळाचे सभासद नव्हते, त्यामुळे नियमही त्यांना लागू नव्हता.

"काय गं पोरी, पंधरा दिवस दिसली नाहीस? घरी सगळं ठीक ना?"

ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि जी रडायला लागली, ती टाळ्यांपेक्षा मोठ्यानं.

ताई मोरीत पाय घसरून पडून गेली, असं भाऊजींनी सगळ्यांना सांगितलं होतं. मुलीला मावशीनं आपल्या घरी नेलं. मावशी, मुलगी आणि मॅडम पोलीस चौकीत गेल्या. मुलीनं जपलेली सगळी पानं मॅडमनी बरोबर घेतली, आणि मुलगी चिठ्ठीचं सांगत होती म्हणून मलाही.

साहेबांनी पानं सावकाश चाळली.

"यावर नाव नाही. तारीख नाही. ही लाल शाई कुणाची?"

"माझी," मॅडम म्हणाल्या.

"नवरा कपाळावर घड्या ठेवतो असं लिहिलंय. हे झालं होतं?"

मुलगी खाली बघत म्हणाली, "नाही. मंडळात सांगितलं म्हणून घातलं."

"म्हणजे मनाचं."

"हो."

"मग बाकीचंही मनाचंच नाही कशावरून?"

मॅडम रडत होत्या. "मी पहिल्या दिवशी चिठ्ठी टाकली होती," मुलगी शेवटी म्हणाली, "नावानिशी. ताई जिवंत असताना." मॅडम हळूच म्हणाल्या, "मला चौदाच मिळाल्या गं." साहेबांनी मला उचललं, दार उघडून आत हात फिरवला, उलटं करून दोनदा जोरात हलवलं. मी जीव तोडून प्रयत्न केला. पण पावसाळ्यात फळी फुगली होती, चिठ्ठी घट्ट धरून बसली होती. "काही नाही यात," म्हणत त्यांनी मला खाली ठेवलं.

आता मी अकरा नंबरच्या कपाटावर पडून आहे. मंडळ बंद आहे. भिंतीवरचा नियम मॅडमनी स्वतः नखांनी खरवडून काढला, अर्धी अक्षरं अजून दिसतात. त्या माझ्याकडे बघायचंही टाळतात. चौकशी अजून संपलेली नाही, असं शिपाईमामा परवा झाडता झाडता कुणाला तरी सांगत होते. भाऊजींनी नवीन भाडेकरू ठेवलाय म्हणे.

माझ्यावर दया नको. मोडून टाका मला, जळणात घाला, माझी तक्रार नाही. फक्त त्याआधी कुणीतरी एक पेचकस घ्या आणि तळाची फळी उचला. तिथे नाव आहे, तारीख आहे, आणि त्या कागदाला अजून कुणाची लाल शाई लागलेली नाही.