खुर्चीचा मान

धामणगाव बढ्याहून आत वळल्यावर लागणाऱ्या त्या गावातून फौजेत गेलेला पोरगा एकच, महामायाचा धम्मदीप. राखीला सीमेवरच्या जवानांना फराळ पाठवायचं महिला मंडळानं ठरवलं, तेव्हा पत्त्यासाठी सगळ्या बाया तिच्या दारात आल्या. एरवी बौद्ध वस्तीकडे त्यांचे पाय चुकूनही वळत नसत.

महामायानं वहीच्या पानावर गोल अक्षरात पत्ता लिहून दिला. फौजेच्या पत्त्यात गावाचं नाव नसतं, नुसते आकडे; ते तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हते.

कार्यक्रमाच्या दिवशी तिनं उन्हाळ्यात घालून उन्हात वाळवलेल्या बाजरीच्या खारोड्यांची बरणी उतरवली. धम्मदीपचा या खारोड्यांवर भारी जीव. शेंगदाण्यांसोबत मूठ मूठ खायचा आणि वर आईलाच विचारायचा, संपल्या कशा म्हणून. तिनं पिशवी भरली, वर चिठ्ठी ठेवली, गाठ मारली आणि देवळापुढच्या पक्क्या मंडपात गेली.

तिथं बाया लाडू वळत होत्या. महामाया पदर खोचून परातीकडे निघाली, तशी मंडळाची अध्यक्ष केसरबाई लगबगीनं आडवी आली.

"तुमी कायले हात लावता, महामायाबाई! तुमी तं जवानाच्या माय. खुर्चीवर बसा तुमी."

"आन हे? त्याच्यासाठी खारोड्या आणल्या होत्या."

"ठेवा तिकडं खांबापाशी. आमी टाकतो पेटीत."

खुर्ची मंडपाच्या अगदी कडेला होती. शाल मिळाली, नारळ मिळाला, फोटो निघाले. बाकीच्या बाया एकाच पितळी गडव्यानं पाणी पीत होत्या. महामायाला कागदी पेल्यातून आलं. तिनं तेही पाहुणचारातच धरलं. इतकं भोळं असू नये माणसानं. पण उभ्या जन्मात त्या मंडपात कुणी तिला बस म्हटलं नव्हतं, मग हुरळणार नाही तर काय.

दीड महिन्यानं धम्मदीपचा फोन आला.

"माय, लाडू लय भारी होते! साऱ्या पोस्टवर वाटले म्या. पंजाबी, बंगाली, साऱ्यायनं एकाच ताटातून खाल्ले. म्या सांगतलं, माह्या मायच्या हातचे हायेत." मग त्याचा आवाज उतरला. "पण खारोड्या काऊन नाही पाठोल्या? चिठ्ठी बी नव्हती."

महामायाला खांबापाशी ठेवलेली पिशवी आठवली.

"राहून गेल्या, बाबू."

"लाडू तं तुह्याच हातचे ना?"

"हो. म्याच वळले."

"आता आमी अजून वर जाऊन राह्यलो. बर्फ पडला का रस्ता बंद. नवा पत्ता लिहून घे. दिवाळीच्या आत खारोड्या पाठोजो, माय. मंग उन्हाळ्यापावतर काही भेटनार नाही."

पत्ता लिहून होताच ती तडक मंडपात गेली. पिशवी खांबापाशीच होती, तिनं ठेवली होती तशीच. गाठही सुटली नव्हती. खारोड्यांना पावसाळी ओलीनं बुरशी आली होती. मंडप मात्र लख्ख होता. रोज कुणीतरी झाडत होतं, आणि पिशवीभोवती तेवढा धुळीचा गोल सोडत होतं. फेकून द्यायलासुद्धा कुणी तिला बोट लावलं नव्हतं.

तेव्हा कुठे तिला 'तुमी कायले हात लावता'चा अर्थ लागला. शाल, नारळ, कागदी पेला, सगळ्याचाच लागला. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. रडू आलं नाही, स्वतःचीच चीड आली. पोरगा ज्या गावाचं कौतुक सांगत वर बर्फात उभा होता, त्या गावाचं हे त्याला कोणत्या तोंडानं सांगायचं?

दिवाळीला पंधरा दिवस उरले असताना केसरबाई आली. महामाया ओसरीवर बसून पार्सलाला पांढरं कापड शिवत होती. आत बरणीतल्या उरलेल्या सगळ्या खारोड्या होत्या, चिठ्ठी होती. कापडावर तिनं ठसठशीत अक्षरात नवा पत्ता लिहिला होता. केसरबाई अंगणातच थांबली.

"पत्ता बदलला म्हणतेत? लिहून द्या ना. दिवाळीले दुप्पट पेट्या पाठवतो. पेपरवाले येनार हायेत. तुमच्या खुर्चीवर गादी टाकू."

"लाडू वळायले येऊ का मी?"

"तुमी कायले हात लावता, महामायाबाई! तुमी नुस्त्या बसा."

महामायानं दोरा दातानं तोडला.

"पत्ता बी माह्याच हातचा हाय, केसरबाई. चालंन का तुमाले?"

केसरबाईचं हसू जागच्या जागी थिजलं. तिनं पार्सलाकडे पाहिलं, ओसरीच्या पायरीकडे पाहिलं. पायरी काही ती चढली नाही. कमरेला खोचलेला मोबाईल काढून तिनं अंगणातूनच पुढे धरला.

"मंग पत्त्याचा फोटोच काढून घेतो ना. तुमाले बी तरास नाही."

महामायानं पार्सल पालथं घातलं आणि सुईत नवा दोरा ओवायला घेतला.