दूध बंद, पेपर बंद, माया बंद

चिखलोलीच्या टॉवरमधल्या चौदाव्या मजल्यावरच्या त्या घरात प्रवासाची पहिली खूण फ्रिजवरच्या पांढऱ्या फळ्यावर उमटत असे. त्या सोमवारी तेजल मॅडमनी वळणदार अक्षरात लिहिले होते: दूध बंद. पेपर बंद. पाण्याचा कॅन बंद. माया बंद. एरवी त्या तिला मायाताई म्हणत. 'ताई' बहुधा जागेअभावी गळली असावी.

तीन वर्षांच्या अक्षदाला सांभाळणाऱ्या मायाने फळा दोनदा वाचला.

"मॅडम, मी बंद म्हणजे?"

"अहो, आम्ही नऊ दिवस केरळला चाललोय ना! तुम्हाला आराम. बरोबर चला म्हटलं होतं, तर तुम्ही नाही म्हणालात."

बरोबर जाणे म्हणजे अक्षदाच्या पलंगाशेजारी गादी टाकून चोवीस तास कामावर राहणे, आणि त्याबद्दल वरकड मिळणार काय, तर समुद्र बघायला.

"आणि पगार?"

"नऊ दिवसांचा कापावा लागेल. काम नाही तर पैसे कसले, तुम्हीच सांगा."

मायाच्या डोळ्यांपुढे सासूचे तोंड आले. सरस्वतीबाईंची कवळी उल्हासनगरच्या डॉक्टरांकडे तयार होत होती. वरची पंगत बसली होती. खालची याच पगारावर अडून होती. तोवर म्हातारी मऊ भात आणि अस्पष्ट शिव्या यांवर दिवस काढत होती.

"व्हॅनच्या आण्णांना तुम्ही मे महिन्याचे पूर्ण पैसे देता," माया म्हणाली. "प्लेग्रुपला सुट्टी, व्हॅन दारात उभी. तरी देता."

"ती सीट धरून ठेवायला द्यावेच लागतात."

"मग माझी सीट?"

"ते वेगळं," म्हणत मॅडम सनस्क्रीन शोधायला गेल्या.

मंडळी निघाली, आणि दुसऱ्याच दुपारी मायाच्या बेलवलीच्या घरी व्हिडिओ कॉल आला. अक्षदा इडलीचा घास गालात धरून बसली होती. तो गिळायला तिला गोष्टीतली विठा म्हैस लागे. ही म्हैस मायाने दीड वर्षापूर्वी जन्माला घातली होती. तिचे रवंथ, तिचे फुरफुरणे आणि दर घासाला तिची होणारी फजिती मायाखेरीज कोणालाच जमत नसे. पोर उपाशी राहील म्हणून माया हंबरली. संध्याकाळी पुन्हा हंबरली. तिसऱ्या दिवशी चार कॉल आले.

सरस्वतीबाई हे सारे खाटेवरून ऐकत होत्या. त्यांचे अस्पष्ट बोलणे मायाला सवयीने कळे.

"गवळ्याचं दूध बंद केलं त्यांनी?"

"हो, आत्याबाई."

"मग तो त्यांना फोनवर म्हैस दाखवतो का?"

माया फोन चार्जिंगला लावू लागली.

"तू मात्र फुकट हंबरतेस."

चौथ्या दुपारी फोन वाजला. "अक्षू, विठा आलीच हं," माया म्हणाली, "आधी मम्माला फोन दे." मग तिने घसा साफ केला. "मॅडम, मी बंद आहे. फळ्यावर तुम्हीच लिहिलंय."

"मायाताई! पोरीच्या जेवणावर सौदा करता?"

हे मायाला लागले. तरी तिने आवाज चढवला नाही. "सुट्टी मी मागितली नव्हती, तुम्ही दिलीत. आणि काम तर रोज चालूच आहे."

पलीकडून मॅडमच्या नवऱ्याचा, सुयोगसाहेबांचा आवाज आला, "अगं, इथल्या एका रात्रीच्या भाड्याएवढेही नाहीत ते! देऊन टाक ना."

मॅडमनी सुस्कारा सोडला. "बरं. नाही कापत."

"पुढच्या वेळी गेलात तरी?"

"तरी! आता म्हैस आणा हो."

माया इतकी मनापासून हंबरली, की शेजारची उमा दारात येऊन पाहून गेली.

पगार पूर्ण हाती पडला आणि खालची पंगतही बसली. उल्हासनगरहून परतताना सरस्वतीबाईंनी रिक्षात जबडा दोनदा हलवून पाहिला, समाधानाने मिटला आणि कित्येक महिन्यांनी पहिले स्पष्ट वाक्य उच्चारले:

"नऊच दिवसांचे? हंबरण्याचे वेगळे मागायचे होतेस."