पडद्यावरचे चोवीस अंश

वर्गात तिला सगळे 'पोलीस' म्हणत. कुणी गोड बोलायला लागलं की तिच्या भुवया आपोआप वर जात, आणि समोरच्याला उगाचच चोरी पकडल्यासारखं वाटे. यात तिचा दोष कमी होता. थोरल्या भावाला एका 'संधी मेळाव्या'त हॉटेल व्यवस्थापनाची नोकरी लागली म्हणून घरात आनंदीआनंद झाला होता. महिन्याभराने वडील भेटायला गेले, तर तो एका गोदामात खोक्यांना चिकटपट्ट्या लावत बसलेला.

त्यामुळे वनस्पतिशास्त्राच्या सरांनी जाहीर केलं, "मंगळवारी आधुनिक शेती बघायला जायचंय, करिअरच्या नव्या वाटा कळतील," तेव्हा वर्ग सहलीच्या आनंदात टाळ्या वाजवत होता आणि हिच्या मनात पाल चुकचुकली होती.

मंगळवारी बस शेतावर पोचली. एकापुढे एक अशी तीन मोठी काचघरं, आणि त्यांना जोडणारा लांब बोळ. व्यवस्थापक फाटकाशीच हसत उभा होता.

"शेतावरच्या माणसाचे बूट इतके कोरे?" ती मैत्रिणीच्या कानात पुटपुटली.

"धूत असेल गं."

"तळवेसुद्धा?"

मैत्रिणीने कपाळाला हात लावला.

आधी एका खोलीत भाषण झालं. ड्रोन उडवून फवारणी करणारे, मातीचे नमुने तपासणारे, ठिबकचे आराखडे काढणारे, बियाण्यांच्या प्रयोगशाळेत बसणारे... भिंतीवर चित्रामागून चित्र सरकत होतं. प्रत्येक चित्रात कुणीतरी हसत होतं. तिने हात वर केला.

"सर, यातले आज इथे किती जण कामावर आहेत?"

व्यवस्थापकाने घाईने पुढचं चित्र सरकवलं. "सगळे एकाच छताखाली नसतात ना."

तिने वहीत हे वाक्य उतरवून त्याखाली दोन रेघा मारल्या. सरांनी मागे वळून डोळे वटारले.

मग अंगावर पांढरे कोट, डोक्यावर टोप्या, आणि बुटांचे तळवे औषधाच्या पाण्यात बुडवून सगळे आत गेले. टोमॅटोची झाडं दोऱ्यांच्या आधाराने पार छताकडे चढलेली. माती नावाला नाही. नारळाच्या काथ्याच्या पिशव्यांत मुळं आणि प्रत्येक पिशवीत पाण्याची एक बारीक नळी. फळं एकसारखी, जणू साच्यातून काढलेली. तिला ते आवडलं, आणि आवडलं म्हणूनच ती आणखी सावध झाली.

प्रत्येक काचघरात भिंतीवर संगणकाचा एक पडदा होता. पहिल्यात तापमान २३.८, मग २४.१. दुसऱ्यातही आकडे असेच थोडे पुढेमागे होत होते. तिसऱ्यात मात्र २४.० ठाण मांडून बसला होता. आणि तिच्या चष्म्यावर वाफ धरलेली, कोट पाठीला चिकटलेला. तिने घड्याळ बघून वेळ लिहून ठेवली. वीस मिनिटांनी पुन्हा पाहिलं. आकडा तसाच.

"सर, हा पडदा खरा आहे ना?"

"संगणक चुकत नाही, ताई," व्यवस्थापक हसला. "तीस माणसं आत आलीत, उकडणारच."

उत्तर तसं पटण्याजोगं होतं. पण पटण्याजोगी उत्तरं भावालाही मिळाली होती.

ओळीच्या टोकाशी पन्नाशीची एक बाई झाडामध्ये टांगलेलं, किडे पकडायचं पिवळं चिकट कार्ड भिंगातून बघत होती. तिच्या कोटावर 'पीक निरीक्षक' असं लिहिलेलं. ही तिच्याजवळ सरकली. "बाई, इथे काहीतरी गडबड आहे ना?"

बाईने समोरच्या झाडाकडे पाहिलं, मग विद्यार्थ्यांकडे. आवाज खाली आणून म्हणाली, "आत्ता नको. पाहुणे जाऊ देत."

झालं! कुठेतरी पाणी मुरतंय याची हिला खात्रीच पटली. तेवढ्यात बाईने ते झाड दोरीवरून सोडवून, वेटोळं करून अलगद मोठ्या पिशवीत घातलं, तोंड बांधलं आणि 'प्रवेश बंद' अशी लाल पाटी असलेल्या दारातून ती आत गेली. थोड्या वेळाने कोट बदलून, रिकाम्या हाताने बोळात येऊन दुसरीकडे निघून गेली. सगळ्यांचं लक्ष व्यवस्थापकाकडे होतं. ही त्या दारातून आत शिरली.

लहानशी खोली. टेबलावर पिशव्यांची रांग, आणि प्रत्येक पिशवीत पिवळी पडलेली, आक्रसलेली, डाग पडलेली झाडं. म्हणजे बाहेर नुसता देखावा आणि खरी शेती ही! तिने मोबाइल बाहेर काढला.

"फोटो काढ, पण कशाला हात लावू नकोस," मागून आवाज आला. निरीक्षक बाई दारात उभी होती. "आणि कोट इथेच काढ. या खोलीतून परत काचघरात जायचं नाही. मागच्या दाराने बाहेर."

"का? मी सगळ्यांना सांगेन म्हणून?"

"रोग घेऊन जाशील म्हणून. कोटावरून, बोटांवरून."

"मग ही झाडं लपवून का ठेवलीत?"

"लपवलेली नाहीत, वेगळी ठेवलीत. प्रयोगशाळेचा निकाल येईपर्यंत ही संशयित. वाच की चिठ्ठ्या."

तिने वाचल्या. तारीख, काचघर, ओळ, झाडाचा क्रमांक. शेवटची पिशवी आजची, तिसऱ्या काचघराची, नवव्या ओळीतली. बाई तिथेच तर उभी होती. संशयाची हवा निम्मी गेली, पण निम्मी शिल्लक होती.

"मग 'पाहुणे जाऊ देत' कशाला म्हणालात?"

"तू झाडाबद्दल विचारतेयस असं वाटलं मला. रोगाचं नाव काढलं की मुलं पानं चिवडायला लागतात."

"मी पडद्याबद्दल विचारत होते. मी बघतेय तेव्हापासून बरोबर चोवीस. बाकीचे दोन हलतात, हा हलतच नाही."

बाईचा चेहरा उतरला. "अगं बाई! मला वाटलं गर्दीने उकडतंय."

तिने भराभर हात धुतले, दुसरा कोट चढवला, भिंतीवरचा साधा तापमापक उचलला आणि पुढच्या दाराकडे धावली. ही मागच्या दाराने बाहेर आली आणि काचेला नाक लावून बघत राहिली. आत बाईने तापमापक वर धरला. व्यवस्थापकाचं हसू मावळलं. तो भिंतीवरच्या चाकाशी झटायला लागला आणि छताच्या काचा एकेक करून वर उचलल्या गेल्या.

आत छत्तीस अंश होते. सकाळी कधीतरी सेन्सरची तार निखळली होती, आणि संगणक शेवटचा आकडा धरून बसला होता. त्याच्या लेखी सगळं आलबेल, मग खिडक्या उघडणार कोण? आणखी दोन-तीन तास गेले असते, तर फुलं गळायला लागली असती.

व्यवस्थापक घामाघूम होऊन बाहेर आला. "संगणक चुकत नाही म्हणालो होतो," तो सगळ्यांसमोर म्हणाला, "ते शब्द मागे घेतो."

बंद खोलीत घुसल्याबद्दल बाईने तिला आधी झाडून घेतलं. मग विचारलं, "सुट्टीत दोन महिने माझ्या हाताखाली येशील? दिवसभर पानं उलटीपालटी करायची आणि प्रत्येकावर संशय घ्यायचा, हेच आमचं काम."

"लेखी द्याल?"

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईने मात्र कागद आणून दिला. तिने तो पुढूनमागून वाचला. "गेल्या वर्षी इथे कोण शिकायला होतं? नंबर मिळेल?"

तोही मिळाला. मुलं बसमध्ये चढत असताना तिने दाराशी उभं राहून फोन लावला.

"खरं सांगू?" पलीकडची मुलगी म्हणाली. "कंबरेचा काटा ढिला होतो. व्यवस्थापकाच्या तोंडाला तर विश्रांतीच नाही. पण बाई हातचं राखून शिकवत नाहीत. मी आता बियाणं तपासणीत आहे, ते त्यांच्यामुळेच."

"हे असं बोलायला तुम्हाला कुणी सांगून ठेवलंय का?"

पलीकडून खो खो हसण्याचा आवाज. "तू ये गं. तू टिकशील तिथे."

सरांनी बसमधून तिसऱ्यांदा हाक मारली. तिने पायरीवर कागद ठेवून पेनाचं टोपण काढलं, तिसरं कलम पुन्हा एकदा सावकाश वाचलं, आणि मग सही केली.