साडेआठचा सूर्यास्त

रोज सकाळी ताई मागच्या अंगणातल्या खुराड्यातून अंडी काढायची, कोरड्या फडक्याने पुसायची आणि लाकडी वाडग्यात घालून समोरच्या खोलीत भावाच्या टेबलावर आणून ठेवायची. भाऊ घड्याळं दुरुस्त करायचा. साठीला टेकलेल्या या माणसाला सगळी गल्ली घड्याळजी म्हणे. ताई मात्र अजून छोट्याच म्हणायची. "छोट्या, आजची पाच," असं सांगून झालं की मगच ती चहाला बसायची.

थंडी पडली आणि पाचाची तीन झाली, तिनाचं एक, मग तेही नाही. वाडगा तीन आठवडे फळीवर पालथा पडून राहिला. त्याच्या मागोमाग ताईचं जेवणही आटलं. आधी तिने दुसऱ्यांदा वाढून घेणं सोडलं, मग दूध सोडलं. मंगळवारी म्हणाली, "रविवारी मी धाकट्या बहिणीकडे जाते. तिची नातवंडं तरी सांभाळीन. इथे काय, खायला काळ नि भुईला भार."

घड्याळजीच्या हातातला चिमटा गळून पडला. याच बाईने पस्तीस वर्षं इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरी उकळल्या होत्या, आणि त्या पगारातून त्याला हे काम शिकायला पाठवलं होतं. "राहा ना ताई," असं तो तीनदा म्हणाला. पण ती भारी हट्टी. तीनदा "बरं" म्हणाली आणि चौथ्यांदा पिशवी भरायला घेतली.

मग त्याने ठरवलं, अंडी सुरू झाली की ताईचं जाणं आपोआप टळेल. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तसा तो घरातल्या जाणकार बाईला सोडून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. त्या म्हणाल्या, "दिवस लहान झाला की कोंबड्या थांबतात. चौदा तास उजेड मिळाला तर घालतील."

घड्याळजी आनंदाने उडालाच. प्रश्न तासांचा होता, आणि तास म्हणजे त्याच्या घरचंच दुकान! कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे त्याला ठाऊक होतं. पण मावळतीचं तांबडं लांबवता येणार नाही, असं कुठे कोणी म्हटलं होतं? दोन दिवस खपून त्याने एका जुन्या गजराच्या घड्याळाला बटण जोडलं. सूर्य मावळायच्या आधी खुराड्यात बल्ब लागणार, साडेआठला विझणार, एका सेकंदाचाही फरक नाही. असं काम त्याने मंत्र्याच्या घड्याळातही केलं नसतं.

शुक्रवारी संध्याकाळी खुराडं लख्ख उजळलं. पाचही कोंबड्या खाली उतरून दाणे टिपत बसल्या. सगळ्यांत थोरली हेडबाई, पिसं झडून जुन्या झाडूसारखी झालेली, तीसुद्धा ऐटीत फिरत होती. घड्याळजी दाराशी खुर्ची टाकून कौतुकाने बघत राहिला. कौतुक अर्थातच बटणाचं.

बरोबर साडेआठला खट् झालं.

आणि मग जो कल्ला उठला! पंखांची फडफड, भांडं उलटल्याचा आवाज, किंचाळ्या. ताई हातातलं काम टाकून धावत आली. टॉर्चच्या उजेडात दिसलं ते असं: कोंबड्यांची बसायची दांडी रिकामी, कोपऱ्यात त्यांचा ढीग, आणि तळाशी हेडबाई.

"टॉर्च विझव," ताई म्हणाली. तो घाबरून विझवता झाला.

अंधारात ती आत वाकली. काहीच दिसत नव्हतं, फक्त तिचा हलका आवाज येत होता. "ये गं. ही भित्री. ही भांडखोर, चल वर." एकेक कोंबडी तिने नुसत्या स्पर्शाने ओळखली आणि दांडीवर आपापल्या जागी बसवली. शेवटी हेडबाई. तिचे पाय, पंख चाचपून म्हणाली, "धडधाकट आहे." घड्याळजीने आयुष्यभर भिंगातून कामं केली होती, भिंगावाचून, उजेडावाचून असे हात चालतात हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं. त्याला आपल्या बहिणीचा फार अभिमान वाटला.

"छोट्या, सूर्य कधी खट्कन मावळतो का रे?" ताई म्हणाली. "उजेड हळूहळू उतरायला लागला, की या आपणहून दांडीवर चढतात. एकदा अंधार झाला की त्यांना दिसत नाही. लावायचाच असता तर पहाटे लावायचा."

"मग पहाटे लावतो. घड्याळ काय, फिरवता येईल."

"लावू नकोस. हेडबाईच्या अंगाला हात लाव."

त्याने लावला. झडलेल्या जागी नव्या पिसांचे टोकदार कोंब हाताला टोचले.

"सगळं खाल्लेलं त्यात चाललंय. आत्ता अंडं मागितलं तर अंगातलं काढून देईल बिचारी. वर्षभर दिलंय की. चार महिने बसून खाऊ दे."

"खायला काळ नि भुईला भार," घड्याळजी म्हणाला.

ताई एकदम उसळली. "खबरदार तिला असं म्हणशील तर!"

"मी कुठे म्हटलं? मंगळवारी तू म्हणालीस. पस्तीस वर्षं देणारीला."

ताईचा हात हेडबाईच्या पाठीवर तसाच राहिला. शेवटी तिने खुराड्याला कडी लावली आणि दोघं आत आले. तिने ताट घेतलं, वाढून घेतलं, मान खाली घालून जेवली. मग पुन्हा वाढून घेतलं. घड्याळजी भिंतीवरच्या घड्याळांकडे बघत राहिला, कारण तिच्याकडे बघितलं असतं तर त्याला रडू आवरलं नसतं.

"रविवारी तू मोकळा आहेस ना?" ताईने विचारलं.

घड्याळजीने तिच्या पिशवीकडे पाहिलं. "स्टँडवर सोडायला?"

"दाणे आणायला. चांगलं मोठं पोतं आण," ती म्हणाली. "चार महिने पुरायला हवेत."