फुटाला एक सूत

घर डब्यात जाईना.

देवीदासने ते आधी सरळ उतरवून पाहिलं, मग तिरकं करून, मग मागची भिंत आधी घालून. दर वेळी पुढची पायरी डब्याच्या काठावर येऊन बसायची. प्लास्टिकचा कडक डबा, ताणायची सोय नाही. रायपूरच्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या शर्मिष्ठाताईंच्या बैठकीत सुटकेस उघडी पडली होती आणि तिच्या मधोमध बरोबर या डब्यापुरती जागा मोकळी ठेवली होती.

"मेश्रामजी, मी फोनवर दोनदा सांगितलं होतं तुम्हाला," शर्मिष्ठाताई म्हणाल्या. "लांबी बारा, रुंदी आठ, उंची नऊ. माझ्या मुलाने, अभिनवने, तिकडून व्हिडिओवर एकेक वस्तू बसवून घेतलीय माझ्याकडून. आता त्या बॅगेत रुमाल घालायचा तरी जर्मनीला विचारावं लागतं मला."

"बाराच हाय, ताई. मी सोताच्या हातानं मोजलं."

"मग काय डबा खोटं बोलतोय?"

त्यांनी शिलाई मशीनच्या खणातून टेप आणली, पायरीपासून मागच्या भिंतीपर्यंत धरली आणि कपाळावरचा चष्मा खाली घेतला. "बारा... आणि वर हे इतकंसं. याला काय म्हणायचं?"

"सूत," देवीदास म्हणाला.

इंचाचा आठवा भाग. त्याला टेप बघायची गरजच उरली नाही. बारा इंचाला एक सूत, फुटाला एक सूत. हा आकडा त्यानं झोपेतही ओळखला असता. त्याच्या कानशिलाला ऊन लागल्यासारखं झालं.

शर्मिष्ठाताईंचं विमान दुपारी दोनचं होतं. साडेदहा वाजून गेले होते.

घराची मागणी तीन आठवड्यांपूर्वी आली, तीही त्याच्याकडे नाही. त्याची पोरगी अपर्णा जर्मनीत एका वृद्धाश्रमात नर्स आहे. दर रविवारी ती आईला, कमलाला, फोन करते. त्या वेळी देवीदास ओसरीत रेडिओ बंद करून बसतो आणि कमला फोन मोठ्या आवाजावर ठेवते. कुणी कुणाला काही सांगितलेलं नाही. तीन वर्षं हे असंच चाललंय.

"इकडे नाताळात आल्याच्या बिस्किटाचं घर करतात, आई," त्या रविवारी अपर्णा म्हणाली. "भिंती, छप्पर, सगळं बिस्किटाचं. वरून साखरेची नक्षी. आमच्या वॉर्डात हर एक नर्सनं एक घर टेबलावर ठेवाचं असते. मले ते भट्टीतलं काही जमत नाही. बाबाले विचार ना, लाकडाचं करून देतील काय?"

कमलाने मान ओसरीकडे वळवली. "काहो, ऐकून राहिले ना?"

"अन् नाताळ झाल्यावर काय करतात त्या घराचं?" देवीदास समोरच्या खांबाला विचारावं तसा बोलला.

"फोडून खातात म्हणे."

"घर फोडून खातात? बरे लोक भेटले हिले."

फोनमधून हसणं ऐकू आलं. त्याच्या बोलण्याला तीन वर्षांत आलेलं ते पहिलं उत्तर. मग अपर्णा म्हणाली, "म्हणूनच लाकडाचं पाहिजे. माझं कोणी फोडू नाही."

घर अपर्णाच्या तिकडच्या ओळखीतल्या अभिनवच्या आईबरोबर जाणार होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला देवीदासने पलंगाखालची हत्यारांची पेटी ओढली. सागाची एक फळी त्यानं कारखान्यातून आणून जपून ठेवली होती, बिस्किटासारख्याच रंगाची. मोबाइलवरच्या फोटोत दार म्हणजे साखरेनं काढलेला नुसता चौकोन होता. देवीदासने खरं दार केलं, कातड्याच्या दोन बारीक बिजागऱ्यांवर उघडणारं. दारापुढे एक पायरी केली. फोटोत पायरीही नव्हती.

"पायरी काहून?" कमलाने विचारलं.

"मंग दारातून माणूस उतरन कुठं? हवेत?"

उरलेल्या तुकड्यांतून झाडाला टांगायची सहा चिमुकली घरं निघाली. कमलाने मेंदीचा कोन वळला, त्यात भिंतीची पुट्टी आणि फेविकॉल कालवून भरलं आणि छपराच्या काठानं पांढरी वेलबुट्टी सोडली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, मूठभर सुंठ कुटून तिनं पॉलिशच्या वाटीत ओतली.

"येडी झाली काय? पॉलिश नासन."

"नासू द्या. आल्याचं घर म्हणतात अन् आल्याचा वास नाही? माही पोट्टी नाक लावून पाहीन."

पॉलिश नासलं नाही. खोलीभर सुंठ आणि सागाचा वास राहिला आणि देवीदास त्या आठवड्यात दोनदा आपणहून हसला. चूक तोवर होऊन गेली होती.

चूक पट्टीची होती. देवीदास सिलतऱ्याच्या एका फाउंड्रीत पंचवीस वर्षं पॅटर्न करायचा. म्हणजे जो लोखंडी भाग ओतायचा, तो आधी लाकडाचा करायचा; त्याचा ठसा वाळूत घ्यायचा आणि त्या पोकळीत वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, सोडायचं. बीड थंड होताना आकसतं. म्हणून लाकूड मुद्दाम जरा मोठं ठेवावं लागतं, फुटाला एक सूत. दर वेळी हिशेब कोण करणार? त्यासाठी वेगळी पट्टीच असते. तिच्यावर बारा इंच लिहिलेले असतात, पण ती खरी बारा इंच आणि एक सूत असते. पोटात लबाडी घेऊन जन्मलेली पट्टी, पण कामाच्या जागी तिच्याइतकं खरं दुसरं काही नाही.

पुढे कारखान्यानं थर्माकोलचे पॅटर्न आणले. लोखंड ओतलं की जागच्या जागी जळून जाणारे. ते करायला सुतार लागत नाही. देवीदासला शाल दिली, नारळ दिला, मॅनेजरनं हिंदीत चार ओळी वाचल्या आणि त्यातल्या एका ओळीत त्याचं नाव चुकवलं. येताना त्यानं सागाची फळी आणि ती पट्टी तेवढी आणली. पेटीत साधी पट्टीही होती. दोन्ही दिसायला सारख्या, मागचा छाप झिजून गेलेला. घर करताना डोळ्यांवर मोतीबिंदू चढलेला, हाताला लागली ती घेतली आणि हाताला सवय एकीचीच होती.

पण या पट्टीची ही पहिली चूक नव्हे.

छत्तीसगड झालं, रायपूर राजधानी झालं, त्या नोव्हेंबरात अपर्णाच्या शाळेनं मुलींचं संचलन बसवलं होतं. पाच फूट आणि वरच्या मुली पुढच्या रांगेत, हातात झेंडा. अपर्णा बारा वर्षांची. संध्याकाळी ती दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली, टाचा जमिनीला चिकटवून, श्वास रोखून. देवीदासने खिशात राहून घरी आलेली कारखान्याची पट्टी एकावर एक लावत नेली, डोक्यावर रेघ मारली आणि बाजूला पेन्सिलीनं लिहिलं: ४ फूट ११॥, म्हणजे साडेअकरा.

"नाही बसत तू," तो म्हणाला. "उगीच जाऊ नको. रांगेतून बाहेर काढतील चारचौघांत."

ती गेली नाही. दोन महिन्यांनी शाळेत डॉक्टर तपासायला आले. संध्याकाळी ती दप्तरही न काढता दारात उभी राहिली. "बाबा, मी पाच फूट हावो. तेव्हाबी होतो. तुमची पट्टी खोटी हाय."

मोठी पट्टी माणसाला लहान दाखवते, हे देवीदासला त्याच क्षणी कळलं. पॅटर्न करणाऱ्याला ते कळायला दुसरा क्षण लागत नाही. तो म्हणाला, "दोन महिन्यांत वाढली असशीन. अन् अर्ध्या इंचानं काय होते?"

त्यानंतर ती चौकटीला पाठ लावून कधी उभी राहिली नाही.

देवीदास वाईट माणूस नव्हता. बापांबद्दल हे वाक्य आपल्याकडे फार लवकर लिहिलं जातं. दारू नाही, मारहाण नाही, शिक्षणाला नाही म्हटलं नाही; मग झाला चांगला बाप. पण हाच चांगला बाप नर्सिंगच्या वेळी म्हणाला, रात्रपाळी तुझ्यानं निभत नाही. जर्मन भाषेच्या परीक्षेला बसली तेव्हा म्हणाला, इंग्रजी पाठ करून पास झालेली पोट्टी, जर्मन काय शिकन. ती दोन्हीकडे पास झाली. जायच्या दिवशी तो घसा दुखतो म्हणून पलंगावर पडून राहिला आणि तिनं बाहेरूनच सांगितलं, "येतो, बाबा." पोरगी आकसेल, म्हणून तिला आधीच कमी मोजायची, ही कसली माया? तो पोरीला लोखंड समजला नाही, लाकूड समजला नाही. काही समजलाच नाही. आणि आता ओसरीत रेडिओ बंद करून तो तिचं खोकलणंसुद्धा कान देऊन ऐकत होता.

"छप्पर काढून ठेवता येईल का?" शर्मिष्ठाताईंनी विचारलं.

"छपराचं काही नाही, ताई. लांबीचं हाय. पायरी घासा लागन. रेजमाल हाय काय घरात?"

रेजमाल, म्हणजे लाकूड घासायचा काचकागद, नव्हता. त्यांनी विळी आणली, चाकू आणला, शेवटी नखं घासायची कानसही आणली. "बघा, यातलं काही चालतं का. माझ्याकडे एवढीच शस्त्रं."

देवीदासने आजूबाजूला पाहिलं. बाहेर दाराशी दगडी ओटा होता, टाकीच्या घावांच्या खुणा असलेला, खरबरीत. तो घर घेऊन बाहेर गेला आणि ओट्याशी उकिडवा बसला.

सकाळी आल्या आल्या ताईंनी पूर्ण नाव विचारलं होतं. त्यानं सांगितल्यावर त्या दोनदा "अच्छा, अच्छा" म्हणाल्या होत्या. दोन अच्छांच्या मधली ती जागा देवीदासला या शहरात पन्नास वर्षांपासून माहीत होती. आता त्याच घराच्या दारात तो उकिडवा बसून आपल्या पोरीच्या घराची पायरी घासत होता. सदर बाजाराकडून येणाऱ्या स्कूटर त्याला वळसा घालून जात होत्या. एक स्कूटरवाला थांबला आणि म्हणाला, "भैया, मूर्ती है क्या?" देवीदास घासत राहिला.

साग लवकर झिजत नाही. दगडावर पिवळसर पूड पडू लागली आणि सुंठीचा वास वर आला. काही वेळानं शर्मिष्ठाताई पदर खोचून बाहेर आल्या आणि त्याच्या समोर ओट्यावर बसल्या. त्यांनी दोन्ही हातांनी घराचं छप्पर धरलं.

"हलतंय ते. मी धरते, तुम्ही घासा."

दोघांनी मिळून घासलं. त्या मध्येच म्हणाल्या, "अभिनव चार वर्षांत आला नाही. मीच जाते. तिथे गेलं की तो माझी बॅग तपासतो, काय काय विसरले ते सांगतो." थोड्या वेळानं म्हणाल्या, "आल्याचा वास येतो का हो याला?"

"सुंठ. आमच्या घरच्यांनी घातली."

"हुशार बाई आहे."

सव्वाअकराला घर डब्यात उतरलं. पायरी उरली होती, पण पुढचा काठ दगडानं खाल्लेला, पॉलिश गेलेला, उघडा. भोवतीच्या फटीत सहा छोटी घरं बसली. शर्मिष्ठाताईंनी झाकण लावलं आणि डबा त्याच्या जागी ठेवला. बोटभरही जागा उरली नाही.

"तुमच्या मुलीला काही सांगायचंय? अभिनवकडे येईल ना ती न्यायला."

देवीदास चपला घालत होता. एका चपलेत पाय घालून तो तसाच उभा राहिला.

"म्हणा, पट्टी खोटी होती."

"कोणती पट्टी?"

"तिले समजते."

"बस, एवढंच?"

"हव."

येताना त्यानं सदर बाजारात स्टेशनरीच्या दुकानातून शाळेच्या पोरांची प्लास्टिकची फूटपट्टी घेतली. दुकानदारानं विचारलं, "बच्चा कौन सी क्लास में है?" देवीदास म्हणाला, "सातवीं में," आणि पट्टी खिशात उभी खोचून चालू लागला.

घरी कमला दारातच होती. "गेलं काय?"

"गेलं."

"बसलं डब्यात?"

"बसवलं."

तो चौकटीशी थांबला. बावीस वर्षांत चौकटीला चार वेळा रंग लागला होता, पण आतल्या बाजूची चार बोटं रुंद जागा कमलाने दर वेळी रंगाऱ्याला सोडायला लावली होती. तिथे रेघा होत्या, खालून वर, एकेका वर्षाच्या. सगळ्यात वरची त्या नोव्हेंबरातली.

"काय करून राहिले?"

"खाली पकड," त्यानं नवी पट्टी तिच्या हातात दिली. "जमिनीले टेकव. हलू देऊ नको."

कमला गुडघ्यावर बसली. पूर्वीही पट्टी ती अशीच धरायची आणि तेव्हा मध्ये एक पोरगी श्वास रोखून उभी असायची. एक फूट, खूण. दोन फूट, खूण. तीन. चार. पाचवा फूट लावताना त्याला डोळे अगदी लाकडाला टेकवावे लागले. पट्टी संपली तरी रेघ आली नाही. पट्टी संपल्यावर, वर, इतकीशी जागा होती.

त्यानं कानामागची पेन्सिल काढली. "४ फूट ११॥" यावर एक आडवी काट मारली आणि शेजारी लिहिलं: ५ फूट १ सूत.

रेघ जिथे होती तिथेच होती.