दोन पलंगांमधला व्हिडिओ गेम

मित्रांनो, मी एक जुना, हातात मावणारा व्हिडिओ गेम आहे. माझा निळा रंग कडांवरून उडाला आहे. डावीकडचं फुलीच्या आकाराचं बटण झिजून गुळगुळीत झालं आहे, आणि चार्जिंग जेमतेम तासभर टिकतं. खरं सांगू? मी थकलो आहे. तरी माझी हकीकत तुम्हाला सांगावीशी वाटते.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईने माझं प्रत्येक बटण दहा-दहा वेळा दाबून पाहिलं आणि "हं, ठीक" म्हणून मला पुढे सरकवलं, तेवढंच आठवतं. मग मी ताकाओका गावात हामादे यांच्या घरी आलो, नऊ वर्षांच्या चिहारूसाठी. ती मला जेवतानाही सोडत नसे. पुढे ती मोठी झाली, नोकरीसाठी ओसाकाला गेली, आणि मी बिस्किटांच्या डब्यात पेन्सिलींच्या तुकड्यांबरोबर वीस वर्षं पडून राहिलो. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं काहीच नाही.

मला पुन्हा बाहेर काढलं ते चिहारूनेच, तिच्या वडिलांसाठी. तोकुजी हामादे यांनी चाळीस वर्षं गावातली ट्राम चालवली होती. आता त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा, सकाळी चार तास, दवाखान्यातलं यंत्र त्यांचं रक्त गाळून परत अंगात सोडत असे.

"बाबा, चार तास छताकडे बघत काय पडून राहता? हा घ्या," चिहारू म्हणाली.

"मला काय कळतंय यातलं?"

"पुढे, मागे, थांबा. जन्मभर तेच केलंत ना?"

माझ्या पोटातला खेळ सोपा दिसतो, पण डोकं खातो. एक टपालवाला आहे. त्याला एक पत्र डोंगरावरच्या घरी पोहोचवायचं आहे, आणि तो एकटा काही करू शकत नाही. सोबतीला कासव, चिचुंद्री आणि बगळा. कासव पाठीवर बसवून पाणी ओलांडून देतं, चिचुंद्री भिंत पोखरते, बगळा वर उचलतो. पण तीन वेळा काम केलं की ते दमतात आणि जागच्या जागी झोपतात. कुणाला कधी हाक मारायची, हेच सगळं कोडं.

अडचण वेगळीच होती. तोकुजींच्या डाव्या हातात सुया खुपसलेल्या असत आणि तो हलवायचा नसे. मला मात्र दोन हात लागतात. त्यांनी मला पलंगाशेजारच्या टेबलावर ठेवलं आणि ते उजव्याच हाताने फुलीवरून उडीच्या बटणावर उड्या मारू लागले. टपालवाला धपाधप खड्ड्यात पडत राहिला.

"अहो ड्रायव्हरसाहेब," उजवीकडच्या पलंगावरून आवाज आला, "त्याच खड्ड्यात पाचव्यांदा पडला तो. नवस बोललाय की काय?"

त्या होत्या फुजिए सावादा; सगळे त्यांना आदराने सावादा-सान म्हणत. स्टेशनजवळ त्यांचं केस कापायचं दुकान होतं. त्या डावखुऱ्या, म्हणून त्यांच्या सुया उजव्या हाताला.

"दोन हात लागतात याला, सावादा-सान. माझा एकच मोकळा आहे."

"मग माझा घ्या. माझाही एकच आहे."

तेव्हापासून मी दोन पलंगांच्या मधे राहू लागलो. तोकुजींचा उजवा अंगठा फुलीवर, सावादा-सानचा डावा अंगठा उडीवर. पहिल्या आठवड्यात दोघं नुसते भांडले.

"उडी! उडी म्हटलं ना!"

"म्हणालात तेव्हा तो पडून झाला होता!"

पण हळूहळू जमलं. फक्त एका गोष्टीवर तोकुजी हटून बसत. प्राणी मागे झोपलेला असला तरी पुढचं दार उघडतं, खेळ पुढे जातो. तोकुजी जाऊ देत नसत.

"दार उघडलंय, चला की!" सावादा-सान ओरडत.

"कासव राहिलंय."

"कासवाला कोण विचारतंय?"

"शेवटच्या स्टॉपवर कुणी झोपलेलं असताना मी गाडी कधी डेपोत नेली नाही."

मग मागे जायचं, कासवाला उठवायचं, सगळं पहिल्यापासून. सावादा-सान कुरकुरत, पण अंगठा काढून घेत नसत. चार तास संपले की दोघांचे चेहरे पिवळे पडलेले असत, पायांत गोळे येत. पाणी मोजून प्यायची परवानगी, म्हणून तहान भागवायला बर्फाचा एकेक खडा चघळत. अशी दोन वर्षं गेली, आणि आम्ही चाळिसाव्या, शेवटच्या लेव्हलला पोहोचलो.

तिथे तीन आठवडे अडकलो. एका गुरुवारी सावादा-सान एकदम म्हणाल्या, "चिचुंद्रीला उठवायचंच कशाला? झोपलेलीच कासवाच्या पाठीवर घालू या! शनिवारी करून टाकू."

शनिवारी त्या आल्या नाहीत. न्हाणीघरात पाय घसरून त्यांचं कमरेचं हाड मोडलं होतं. त्यांना दूरच्या इस्पितळात नेलं होतं.

तोकुजी मला दर वेळी चार्ज करून आणत, टेबलावर ठेवत, आणि सुरू करत नसत. नर्स कोमाकीने एकदा विचारलं, "हामादे-सान, मी दाबू का बटण? दोन मिनिटं मोकळी आहे."

"नको. ती वाट त्यांनी शोधलीय."

पुढे पुढे ते बोलेनासे झाले. एक दिवस कोमाकीने त्यांचं वजन पाहिलं आणि ती घाबरली.

"दोन दिवसांत चार किलो? किती पाणी प्यालात?"

"तहान लागली, प्यालो."

"असं करून कसं चालेल?"

"आज दोनच तासांनी सोडव मला. चार फार होतात." ते छताकडे बघत म्हणाले. "आणि पुढच्या वेळी आलो तर आलो."

मित्रांनो, मी यंत्र आहे, पण त्या दिवशी मी फार घाबरलो. कोमाकीने चार तास पुरे होईपर्यंत त्यांना सोडलं नाही.

दोन महिन्यांनी सावादा-सान चाकाच्या खुर्चीतून आल्या. अर्ध्याच राहिल्या होत्या. तोकुजींनी लगेच मला सुरू केलं. पण त्या हसल्या नाहीत. त्यांच्या उजव्या हाताची नस बंद पडली होती, आणि सुया आता डाव्या हाताला होत्या.

"माझा चांगला हात गेला, ड्रायव्हरसाहेब. उरलाय हा बावळट उजवा. आणि तोही भिंतीच्या बाजूला."

कोमाकी कमरेवर हात ठेवून दोन्ही पलंगांकडे बघत राहिली. मग खाली वाकून तिने पलंगाच्या चाकांचे खटके सोडले.

"सावादा-सान, पायांच्या जागी डोकं आणि डोक्याच्या जागी पाय, असं चालेल का?"

"बाई, या वयात कसंही चालेल."

पलंग उलटा फिरवला, यंत्र त्या बाजूला ओढलं, आणि त्यांचा उजवा हात बरोबर माझ्याजवळ आला. पण आता मी त्यांना उलटा दिसत होतो.

"टपालवाला छतावरून चालतोय!"

"मी सांगतो तेव्हा दाबा."

जमलं नाही. अंगठा बोजड होता, हाक ऐकून दाबेपर्यंत उशीर होई. दोन आठवडे आम्ही खड्ड्यातच पडत होतो. मग एका सकाळी सावादा-सानच्या उड्या अचानक वेळेवर पडू लागल्या. तोकुजींनी अजून "उडी" म्हटलंही नव्हतं.

"कसं काय जमतंय?"

"मी गेम बघतच नाहीये. तुमच्याकडे बघतेय. उडीच्या आधी तुम्ही भुवया वर करता. दोन वर्षं शेजारी पडून कधी दिसलं नव्हतं."

त्याच दिवशी बगळा उडाला, कासवाने झोपलेल्या चिचुंद्रीला पाठीवरून पलीकडे नेलं, आणि कुणीही मागे न राहता सगळे डोंगरावरच्या दारात पोहोचले. पत्र उघडलं.

"काय लिहिलंय? मला उलटं दिसतंय."

तोकुजींनी चष्मा सारखा केला. "'सगळे या. जेवण तयार आहे.'"

"आणि आपल्याला बर्फाचे दोन खडे!" सावादा-सान इतक्या हसल्या की त्यांचं यंत्र पीं पीं करू लागलं आणि कोमाकी धावत आली.

त्या दिवशी तोकुजींनी घड्याळाकडे पाहिलं नाही. आता ते दोघं पुन्हा पहिल्या लेव्हलपासून खेळतात. मी लवकर दमतो, तासाभरात डोळे मिटतो. ते रागावत नाहीत, चार्जरला लावून वाट बघतात.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या खेळण्याला अधूनमधून चार्ज करत जा, नाहीतर आम्ही कायमचे बंद पडतो. आणि तुमच्या ओळखीत कुणी तासन्‌तास पडून असेल, तर त्याला खेळणं देऊन निघून जाऊ नका. खुर्ची ओढा, त्याचा चेहरा दिसेल असे बसा, आणि दुसरं बटण तुम्ही दाबा.